हार नको, प्रश्न द्या

आमच्या वस्तीच्या तोंडाशी एक कमान आहे. सिमेंटची. निळा रंग. वर बाबासाहेबांचं नाव आणि त्याच्या खाली, जवळजवळ तेवढ्याच मोठ्या अक्षरात, आमदाराचं. कमानीखालून आत या. तीस-चाळीस पावलं चाला. तिथं नळ आहे. नळाला पाणी चौथ्या दिवशी येतं, तेही रात्री दोनला. मी सूतगिरणीत रात्रपाळीला. आई दम्याची. पाणी कुणी भरायचं ते कमानीला विचारा.

मी आमदाराला विचारलं.

त्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर तुम्ही म्हणाल तो एकटाच तसला. तो एकटा नाही. राखीव जागेवरनं निवडून आलेला आपलाच माणूस. आपल्याच बायाबापड्यांनी रांगा लावून त्याला निवडून दिला तेव्हा तो विरोधी पक्षात होता. मग एका रात्रीत तिकडं गेला. गेला तो गेला, आणि वर सांगायला आला.

‘‘काय म्हणतोस पोरा?’’

‘‘साहेब, पाण्याचं.’’

‘‘आरं, विरोधात बसून काय मिळतंय? तोंडाची वाफ नुसती. आता सत्तेत हाय म्हणून काम व्हतंय. कमान दिली का न्हाई?’’

‘‘दिली. पाणी?’’

‘‘मांडतो की अधिवेशनात.’’

तीन अधिवेशनं झाली. प्रश्नांच्या छापील याद्या मिळवल्या. बोट ठेवून ठेवून वाचल्या. आमच्या वस्तीचं सोडा, तालुक्याचं नावसुद्धा सापडलं नाही.

दोस्तांनो, हे पान त्या एका वाक्यासाठी लिहितोय. ‘विरोधात बसून काय मिळतंय?’ हे वाक्य आता नुसतं आमदारांचं राहिलेलं नाही. ते आपल्या पोरांच्या तोंडात आलंय. सभेला सतरंज्या टाकणारा, रात्र रात्र जागून भिंती रंगवणारा, शहाणासुरता पोरगा मला चहाच्या गाड्यावर म्हणतो, ‘‘भावा, सत्तेशिवाय काय खरं नाही.’’ आणि दुसरा, त्याहून तापट, म्हणतो, ‘‘विधानसभा म्हंजे सगळं थोतांड. रस्त्यावरच काय व्हायचं ते व्हईल.’’ एकाला खुर्ची पायजे, दुसऱ्याला खुर्ची जाळायचीय. आणि तिसरा, कामाचा, तो माणूसच नाही. जो आमदाराच्या दारात जाऊन विचारेल, ‘आमचा प्रश्न कुठल्या तारखेला विचारलास? दाखव.’

दोघांनाही मी सांगतो, जरा मागं चला.

माझा आजा मुंबईत गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात तो एक. संपातनं गावाकडं आला तो परत गेलाच नाही. त्याच १९८२ साली सरकारनं बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा दुसरा खंड छापला. मुंबईच्या कायदे कौन्सिलात आणि असेंब्लीत ते काय काय बोलले, ते सगळं त्यात आहे. मला तो रद्दीवाल्याकडं मिळाला. माझी शाळा नववीत सुटलेली. खंड इंग्रजी. डिक्शनरी घेऊन बसलो. पहिल्या पानाला चार दिवस गेले. पण जसजसं कळायला लागलं तसतशी मान खाली गेली. आपण त्या माणसाचा पुतळा धुतो, पण तो माणूस सभागृहात उभा राहून काय करत होता हे आपल्याला धड माहीत नाही.

ऐका.

१९२७. बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात गेले ते निवडून नव्हे. गव्हर्नरानं नेमलेले. म्हणजे आजच्या भाषेत सरकारचा माणूस. गप्प बसायला, मान डोलवायला कुणाची ना नव्हती. १२ मार्च १९२७ ला शिक्षणाच्या खर्चावर ते बोलायला उठले. काय म्हणाले? भाषणाच्या सुरुवातीची लांबलचक स्तुती नाही, शेरोशायरी नाही. आकडे. माणशी शिक्षणावर सरकार खर्च करतं चौदा आणे, आणि दारूच्या खात्यातनं माणशी वसूल करतं दोन रुपयांच्या वर. त्यांचं मागणं साधं होतं. जेवढं दारूतनं घेता तेवढं तरी शाळेवर घाला. आणि पुढचा आकडा. शाळेत शंभर पोरं घातली तर चौथीपर्यंत पोचतात अठरा. ब्याऐंशी पोरं पुन्हा निरक्षरांच्या ढिगात.

ज्या सरकारनं नेमलं त्याच सरकारच्या तोंडावर हा हिशेब. आणि तारीख बघा. १२ मार्च. त्यानंतर आठव्या दिवशी, २० मार्च १९२७ ला, त्यांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. एकाच महिन्यात कौन्सिलात चौदा आण्यांचा हिशेब आणि महाडात पाणी. सभागृह मोठं का रस्ता मोठा, असली भांडणं त्या माणसाला कधी पडली नाहीत. त्याचे दोन पाय दोन्हीकडं घट्ट होते.

त्या पाण्याचीच गोष्ट पुरी सांगतो, कारण त्यात आपला सगळा धडा आहे.

४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांनी मुंबई कौन्सिलात ठराव आणला. सरकारी पैशातनं बांधलेली नि चालवलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, आणि सरकारी शाळा, कोर्टं, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. बोले आपल्या जातीचे नव्हते. भंडारी समाजातले. पण त्यांनी तो ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. १९२४ ला महाडच्या म्युनिसिपालटीनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठरावावर ठराव. कागदावर तळं खुलं. आणि तळ्यावर? तिथं म्हैस पाणी पीत होती, माणूस पीत नव्हता. बोल्यांनी १९२६ ला पुन्हा उठून सांगितलं, जी म्युनिसिपालटी ऐकत नाही तिची ग्रँट बंद करा. तरी तळं जिथल्या तिथं.

मग १९२७. मग पाय. हजारो माणसं चालत तळ्याकडं गेली. डोकी फुटली. म्युनिसिपालटी भ्याली आणि त्याच वर्षी तिनं आपला ठराव मागं घेतला. मग कोर्ट. दहा वर्षं. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात निकाल आपल्या बाजूनं लागला.

आता सांगा, तळं कुणी खुलं केलं? बोल्यांच्या ठरावानं? त्यानं एकट्यानं ओंजळभर पाणी मिळालं नाही. नुसत्या पायांनी? पण तो ठराव होता म्हणूनच महाडची माणसं ‘हा आमचा हक्क आहे, सरकारनं मान्य केलेला’ असं छाती काढून म्हणू शकली. ठराव नसता तर त्यांना दंगेखोर म्हणून आत टाकणं सोपं होतं. ठरावाला पाय लागतात. पायांना ठराव लागतो. एवढीच गोष्ट आहे. बाकी सगळी भाषणबाजी.

पुढं चला. १९२८.

त्या वर्षी त्यांनी महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. रात्रंदिवस गावाची आणि सरकारची चाकरी, बदल्यात चतकोर जमीन आणि भाकरीचे तुकडे. ती चाकरी सोडायची मोकळीक द्या आणि जमीन रास्त साऱ्यावर नावावर करा, अशी मागणी. बिल पार पडलं नाही, १९२९ ला मागं घ्यावं लागलं. हरले. त्याच १९२८ च्या जुलैत गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची पगारी रजा देण्याच्या बिलावर ते बोलले. बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला.

हे वाचताना मला आमच्या रिंग खात्यातली एक बाई आठवली. ठेकेदाराची कामगार. आठवा महिना सुरू होईपर्यंत ती साच्यांच्या रांगेत उभी होती. कापूस नाकातोंडात, पायाला सूज. आज कायदा सव्वीस आठवडे पगारी रजा सांगतो. १९६१ च्या कायद्यात २०१७ ला ती वाढ झाली होती. ठेकेदारानं काय केलं? मस्टरवरनं तिचं नाव खोडलं. नावच नाही तर रजा कुणाला? ती लिहिता-वाचता येणारी नव्हती. मुकादमानं तिला सांगितलं, ‘बाळ झालं की ये परत.’ ती ‘बरं’ म्हणाली. मी चार साचे पलीकडं उभा होतो. मीसुद्धा काही बोललो नाही. हे लिहितोय, कारण लाज वाटते. बाबासाहेब १९२८ ला तिच्यासाठी बोलून गेले आणि मी तिच्यापासून वीस हातांवर उभा राहून गप्प.

तर ‘विरोधात बसून काय मिळतंय’ याचं खरं उत्तर १९३७ मध्ये आहे.

त्या साली निवडणूक झाली. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष काही महिन्यांचं पोर. मुंबई असेंब्लीच्या जागा १७५. त्यात पक्षाची माणसं चौदा-पंधरा. बाबासाहेब स्वतः भायखळा-परळच्या गिरणगावातनं, दादासाहेब गायकवाड नाशकातनं. समोर काँग्रेसचं सरकार. आजचा आमदार असता तर म्हणाला असता, ‘चौदा जणांनी काय होतंय? मतदारसंघाच्या विकासासाठी जातो तिकडं.’ त्यांनी काय केलं?

१७ सप्टेंबर १९३७ ला खोती नष्ट करायचं बिल मांडलं. कोकणातला खोत म्हणजे काय, हे ज्यांच्या आज्यानं वेठ केली त्यांना विचारा. कुळानं पिकवायचं आणि खोतानं न्यायचं. आणि लक्षात ठेवा, ती कुळं नुसती महार नव्हती. कुणबी होती, आगरी होती. बाबासाहेब त्या सगळ्यांसाठी उभे होते. बिल नुसतं मांडून थांबले नाहीत. १० जानेवारी १९३८ ला वीस हजारांच्या आसपास शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. कोकणातनं, घाटावरनं, गाठोड्यात भाकरी बांधून. आत बिल, बाहेर माणसं. पुन्हा तेच. ठराव आणि पाय.

मग १९३८ चं औद्योगिक तंट्यांचं बिल. संप करायच्या आधी सक्तीची तडजोड, आणि बेकायदा संप केला तर तुरुंग. १५ सप्टेंबर १९३८ ला बाबासाहेब बोलले. त्यांचा मुद्दा आजही प्रत्येक कामगाराच्या खोलीत भिंतीवर लिहावा असा आहे. माणसानं काम सोडलं तर फार तर करार मोडला, गुन्हा नाही केला. काम सोडण्याला गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाला गुलाम करणं. संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव. बिल बहुमतानं मंजूर झालंच. पण ७ नोव्हेंबर १९३८ ला कम्युनिस्ट आणि स्वतंत्र मजूर पक्ष, एरवी ज्यांचं एकमेकांशी जमत नव्हतं ते, एकत्र आले आणि मुंबईत एक दिवसाचा संप झाला. पोलिसांनी गोळीबार केला. सभागृहात बोललेलं भाषण रस्त्यावर रक्तानं लिहिलं गेलं.

आता हिशेब करा. वतनाचं बिल हरलं. खोतीचं बिल पार पडलं नाही. संपाचं बिल त्यांच्या विरोधाला न जुमानता मंजूर झालं. म्हणजे आमच्या आमदाराच्या भाषेत ‘तोंडाची वाफ’. पण खोती गेली का नाही? १९४९ च्या कायद्यानं गेली. कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली का नाही? १९५८ च्या कायद्यानं गेली. त्या वाफेनंच हे भांडं उकळलं. जो आमदार हरतो पण बोलतो, त्याचं बोलणं कागदावर राहतं. कधी वीस, कधी तीस वर्षांनी कुणीतरी ते कागद उघडतो. जो आमदार जिंकतो पण गप्प बसतो, त्याची कमान राहते. कमानीला तीस वर्षांनी तडे जातात.

कुणी म्हणेल, बाबासाहेबही मंत्री झाले होते की. झाले. काहीतरी करायचंय म्हणून गेले आणि ते अडवलं गेलं तेव्हा १९५१ ला राजीनामा फेकून बाहेर आले. हिंदू कोड बिल अडकलं म्हणून खुर्ची सोडणारा माणूस दाखवून तुम्ही खुर्चीसाठी पक्ष सोडणाऱ्याची वकिली करता? शरम वाटू द्या थोडी. आणि दादासाहेब गायकवाड? ते राज्यसभेत होते आणि १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे पुढारीही होते. त्या सत्याग्रहात आपल्या माणसांनी देशभर तुरुंग भरले. खासदारकी आणि जेल एकाच माणसाच्या एकाच आयुष्यात मावत होते.

आता आजचं बघू.

२०२० च्या सप्टेंबरात दिल्लीत कामगारांचे तीन कायदे राज्यसभेत आले. आमच्या-तुमच्या पोटावरचे कायदे. संपासाठी चौदा दिवसांची नोटीस आता प्रत्येक कारखान्यात. तडजोडीची बोलणी सुरू असली की संप बेकायदा. बेकायदा संपाला दंड आणि तुरुंगही. तीनशेपेक्षा कमी कामगार असतील तर काढून टाकायला, कारखाना बंद करायला सरकारची परवानगी नको, पूर्वी ही मर्यादा शंभर होती. १९३८ चंच भूत नवा शर्ट घालून आलेलं. आणि विरोधी पक्ष कुठं होते? सभागृहाबाहेर. आठ खासदारांना निलंबित केलं म्हणून बहिष्कार. निलंबन चूक होतं, मान्य. पण २३ सप्टेंबर २०२० ला ते कायदे मंजूर झाले तेव्हा आत उभं राहून ‘हे गुलामी आणताय’ असं म्हणायला विरोधी बाकांवर कुणी नव्हतं. १९३८ ला चौदा-पंधरा होते आणि बोलले. २०२० ला कितीतरी जास्त होते आणि बाहेर बसले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ते कायदे लागू झाले. आमच्या गिरणीत ठेकेदारानं त्या दिवशी काही सांगितलं नाही. सांगायची गरजच काय?

आणि आपला महाराष्ट्र. २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. एकूण जागा २८८. विरोधी पक्षनेता व्हायला दहा टक्के, म्हणजे २९ आमदार लागतात, असा रिवाज सांगतात. विरोधातल्या एकाही पक्षाला २९ गाठता आले नाहीत. सगळ्यात मोठा विरोधी पक्ष वीसवर थांबला.

आता दुसरा आकडा. त्याच विधानसभेत अनुसूचित जातींच्या राखीव जागा किती? २९.

हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा आणि बघत बसा. आपल्या नावावर निवडून येणारी माणसं एकोणतीस. पक्षांच्या झेंड्यात वाटलेली, व्हिपनं बांधलेली. मला माहीत आहे, पुणे करारानं १९३२ ला ही गाठ बसली. राखीव जागेवरचा माणूस आपला, पण त्याला निवडून आणणारी मतं सगळ्यांची आणि तिकीट देणारा हात भलत्याचाच. म्हणून तो आपल्यापेक्षा तिकीट देणाऱ्याला भितो. व्हिप मतदानाला बांधतो, तेही कबूल. पण प्रश्न विचारायला कुठला व्हिप आडवा येतो? एकोणतीस माणसांनी अधिवेशनात प्रत्येकी एक प्रश्न पाण्याचा, एक वसतिगृहाचा, एक शिष्यवृत्तीचा विचारला तर सत्याऐंशी प्रश्न होतात. कुठल्या पक्षनेत्याची परवानगी लागत नाही त्याला. लागतो तो कणा.

२०२५ च्या मे महिन्यात काय झालं ते विसरू नका. सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी खात्याचे ३३५ कोटी रुपये दुसऱ्या योजनेकडं वळवले गेले. योजना आपल्या आया-बहिणींच्या हातात पैसे देणारी आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. भांडण हे आहे की घरातल्या एका पोराच्या ताटातली भाकरी काढून दुसऱ्याच्या ताटात घातली आणि वाड्यातलं कोठार तसंच बंद ठेवलं. त्या खात्याच्या मंत्र्यानंच जाहीर नाराजी दाखवली. मंत्री, सत्तेतला, खात्याचा मालक! त्याचं चाललं नाही. मग आमच्या आमदाराला मी विचारतो, ‘साहेब, सत्तेत गेल्यावर कामं होतात ना? मग सत्तेतल्या मंत्र्याच्या खात्याचे पैसे कसे गेले?’ आंध्रात आणि कर्नाटकात २०१३ साली या निधीसाठी वेगळा कायदा झाला. त्यालाही पळवाटा आहेत, पण कायदा आहे. महाराष्ट्रात तसला कायदा करा ही मागणी जुनी आहे. त्यासाठी एखादं अशासकीय बिल एखाद्या राखीव आमदाराला मांडता येतं. हरेल. हरू दे. खोतीचंही हरलं होतं.

नीट समजून घ्या. निधी मागणारा आमदार हात पसरतो, हिशेब मागणारा आमदार मान वर करतो. निधीतनं कमान येते, सभामंडप येतो, पेव्हर ब्लॉक येतात, ठेकेदाराला घर येतं. पाणी, शाळा, दवाखाना, बाळंतपणाची रजा या गोष्टी निधीतनं येत नाहीत. त्या हक्कातनं येतात आणि हक्क विचारल्याशिवाय जागा होत नाही. २०२३ ला कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं सरकारनं पुढं आणलं. डोंगरातल्या, वाडीतल्या, वस्तीतल्या शाळा कुणाच्या असतात? तिथनं तीन-चार किलोमीटरवर पोरगी चालत जाईल का घरी बसेल? १९२७ चे ते ब्याऐंशी आठवा. त्यातली एक आपली आजी होती.

म्हणून दोस्तांनो, शिव्या पुरे. मीही इथं दोन पानं शिव्या दिल्या. आता काम सांगतो, आणि ते कंटाळवाणं काम आहे. त्याला ढोल नाही, डीजे नाही.

प्रश्न लिहायला शिका. ‘पाणी द्या’ हा प्रश्न नाही, ती विनवणी आहे. त्याला मंत्री ‘कार्यवाही सुरू आहे’ म्हणतो आणि संपलं. असं लिहा: २०१९ च्या १५ ऑगस्टला दिल्लीनं सांगितलं की २०२४ पर्यंत खेड्यातल्या प्रत्येक घरात नळ येईल. २०२५ च्या अर्थसंकल्पात ती मुदत २०२८ झाली. तर अमुक गावातल्या अमुक वस्तीसाठी किती रक्कम मंजूर झाली? कुठल्या तारखेला? ठेका कुणाला? काम कधी संपायचं होतं? किती घरांत नळ आला आणि किती घरांत नुसता पाईप? असा प्रश्न विचारला की मंत्र्याला आकडा द्यावा लागतो. आकडा खोटा असला तर आपण वस्तीत राहतो, आपल्याला मोजता येतो.

आकडे आधी आपण काढायचे. २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचं तिकीट अर्जाला चिकटवायचं. ग्रामपंचायत, पंचायत समिती, समाजकल्याण. उत्तर आलं की त्यातनं प्रश्न करायचा. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना, अर्धा तास चर्चा, ही हत्यारं आमदाराच्या हातात आहेत. वापरत नसेल तर ती गंजलीत का, हे आपण विचारायचं.

आपला आमदार सत्तेत जाऊन मुका झाला असेल तर दुसऱ्याच्या दारात जा. शेजारच्या तालुक्यातला विरोधी आमदार असो, आपल्या जातीचा नसो, आपल्या पक्षाचा नसो. बोले कुठल्या जातीचे होते? प्रश्न हातात द्या. विचारला तर जाहीर सांगा की विचारला. नाही विचारला तर तेही जाहीर सांगा. विरोधी आहे म्हणून तो पवित्र होत नाही. विरोधात बसूनही झोपणारे ढीगभर आहेत. बाकावर बसणं म्हणजे विरोध नव्हे. उठणं म्हणजे विरोध.

आणि त्याला एकट्याला सोडू नका. ज्या दिवशी तो आपला प्रश्न मांडणार त्या दिवशी आपली पन्नास माणसं तहसीलदाराच्या ओट्यावर बसलेली असली पायजेत. त्याच प्रश्नाचा कागद हातात घेऊन. आत एक माणूस, बाहेर पन्नास. १९३८ ला बाहेर वीस हजार होते. आपण पन्नासांनी सुरुवात करू.

मी केली. त्या रिंग खात्यातल्या बाईला शोधत गेलो. बाळ सहा महिन्यांचं झालंय. तिचं नाव, कामावर लागल्याची तारीख, पगाराची वही, ज्या महिन्यात मस्टरवरनं नाव गेलं तो महिना, सगळं एका कागदावर लिहिलं. ती म्हणाली, ‘‘माझं नाव सांगशील का रं तिथं? ठेकेदार परत घ्यायचा न्हाई.’’ मी म्हणालो, ‘‘नाव न्हाई सांगत, ताई. आकडा सांगतो.’’ मग ती आत गेली आणि तशाच आणखी चार बायांना घेऊन आली. पाच झाल्या. पाच बाया, एक गिरणी, एक ठेकेदार, एकाही बाईला रजा नाही. हा झाला प्रश्न. लिहून तयार आहे. एक प्रत पलीकडच्या तालुक्यातल्या विरोधी आमदाराकडं पोस्टानं गेलीय. एक आमच्या कमानवाल्याकडं.

आणि एक प्रत मी कमानीच्या खांबाला खळ लावून चिकटवलीय. खाली दोन रकाने आखलेत. एक ‘विचारला’, एक ‘नाही विचारला’. अधिवेशन संपलं की पेन घेऊन जाणार आणि त्यातल्या एका रकान्यात तारीख टाकणार. पाऊस आला तर कागद पुन्हा चिकटवीन. आमदार येत्या जयंतीला हार घेऊन याच कमानीखालनं येणार आहे. हार घालण्याआधी त्यानं तो कागद वाचावा, एवढी व्यवस्था आपण पोरांनी करायची.

तुमच्या गावातही एक कमान असेलच. खांब मोकळा आहे.

जय भीम.